दाऊदचाचा आणि ओट्टोसाहेबांचा पासपोर्ट

दाऊदचाचा माणसाचं नाव विचारत नसत. पासपोर्ट मागत.

मी कुवेतला उतरलो त्या दिवशी बोटीच्या प्रवासामुळे पायाखालची जमीन अजून हलत होती. मीना अल-अहमदीला तेलाची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मला टाइपिस्ट-क्लार्कची नोकरी लागली होती. कचेरीच्या दारात पन्नाशीचे, काटकुळे, डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी "या" म्हटलं नाही, "बसा" म्हटलं नाही, नुसता हात पुढे केला. इकडचा रिवाज असेल म्हणून मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाजूला सारला.

"हात नको. किताब दे."

किताब म्हणजे पासपोर्ट. त्यांनी तो आधी हुंगला. मग मागच्या बाजूने उघडला. शेवटचं पान, त्याच्या आधीचं, त्याच्याही आधीचं, असं करत ते उलटे पहिल्या पानापर्यंत आले, तिथल्या माझ्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शर्ट दुसऱ्याचा हाय."

शर्ट खरोखरच दुसऱ्याचा होता. वडूजजवळच्या आमच्या गावात वडील घोंगड्या विणत. मला साताऱ्याच्या शाळेत आणून, वसतिगृहात जागा मिळवून देऊन शिकवलं ते आमच्या ड्रॉइंगच्या निकम सरांनी. आमच्या घराण्यात पहिला बी. ए. मी झालो तो त्यांच्यामुळे. पासपोर्टसाठी फोटो काढायची वेळ आली तेव्हा सरांनी अंगातला शर्ट काढून मला दिला आणि फोटो निघेपर्यंत स्टुडिओच्या बाकावर बनियनवर बसून राहिले; घरी मात्र माझा शर्ट घालून गेले. ही गोष्ट मी तोवर कुणालाही सांगितलेली नव्हती.

कसं ओळखलंत, असं मी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "मान एकीकडे, कॉलर एकीकडे. शिक्षण काय?"

"बी. ए."

"शिक्का हाय त्याचा?"

मी सर्टिफिकेट दाखवलं. विद्यापीठाचा शिक्का त्यांनी उजेडाकडे धरून तपासला आणि माझं नाव त्याच क्षणी ठरलं. पुढची सहा वर्षं त्यांनी मला 'बीए' याखेरीज दुसरी हाक मारली नाही. "माणूस बरा हाय," असा शेरा देऊन त्यांनी माझी ट्रंक उचलली.

चाचांचं काम असं, की कंपनीत नवा माणूस आला की त्याचा पासपोर्ट घेऊन 'जवाजात'मध्ये, म्हणजे पासपोर्टच्या सरकारी कचेरीत, जायचं आणि राहण्याच्या परवान्याचा शिक्का मारून आणायचा. जैतापूरच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. आडनाव होडेकर. शाळा चार इयत्ता, पण उर्दू, अरबी, मोडकं इंग्रजी आणि जगातला कुठलाही शिक्का त्यांना वाचता येई. मागून पासपोर्ट उघडण्याचं कारण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं: उर्दू पुस्तकं आपल्या हिशेबाने मागूनच उघडतात, त्या सवयीने हेही. मी बी. ए. असल्यामुळे मला कारणं लवकर सुचत.

कुवेत शहरालगतच्या हवल्लीत एका दुकानाच्या माथ्यावर कंपनीने दिलेल्या खोलीत आम्ही दोघं राहत असू. चाचा सडेफटिंग. मासे ते रांधत, भांडी मी घाशी. त्यांच्या दोन वाक्यांवर आमचा संसार चाले. पहिलं, "शिक्का खोटं बोलत नाय." दुसरं, "खुरूज कुठे हाय?" खुरूज म्हणजे देशाबाहेर पडल्याचा शिक्का. आत आल्याचा शिक्का असेल तर बाहेर पडल्याचाही असला पाहिजे, नसेल तर तो माणूस अजून आतच आहे, हा जवाजातचा नियम चाचांनी सगळ्या दुनियेला लावला होता. मी गावाकडची एखादी गोष्ट रंगवून सांगावी, तिच्यात चुलतभाऊ येऊन भांडावा, आणि शेवटी चाचांनी विचारावं की तो चुलतभाऊ गेला कधी. खुरूज कुठे हाय? एकदा अहमदीला उघड्यावरचा सिनेमा दाखवला. त्यात नायिकेचा मामा मध्यंतराआधी घरात शिरला होता आणि नंतर दिसलाच नाही. सिनेमा संपल्यावर चाचा यंत्र चालवणाऱ्या माणसाकडे जाऊन त्या मामाची चौकशी करत उभे राहिले. कंपनीची शेवटची बस निघून गेली. आम्ही एका ट्रकमधून कांद्यांच्या पोत्यांवर बसून घरी आलो, आणि वाटभर चाचा म्हणत होते, "मामा अजून घरातच हाय, बीए."

अशा माणसाच्या हाती ओट्टोसाहेबांचा पासपोर्ट पडला.

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. चाचांनी जुन्या बाजारात एका इराणी होडीवाल्याकडून कातडी ट्रंक विकत घेतली. आतला कागद फाटला होता, तो काढून नवा लावायला बसले तर खालून एक पासपोर्ट निघाला. तपकिरी पुठ्ठा, वर पंख पसरलेला पक्षी आणि त्याच्या पायांत स्वस्तिक.

चाचा म्हणाले, "बीए, हा तुमच्यातला दिसतो."

मी म्हटलं, आमचं दारावर काढतात ते सरळ असतं, हे तिरकं आहे; हा जर्मन आहे, लढाईच्या वेळचा. आत फोटो होता. चाळिशीच्या आतला माणूस, लांब चेहरा, एक भुवई किंचित वर, जणू फोटोवाल्याने काहीतरी सांगितलं आणि ते याला पटलं नाही. नाव ओट्टो, आणि पुढे एक लांबलचक आडनाव, जे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मुलांच्या रकान्यात एकच नाव होतं, लीझल. जन्मसालावरून मी हिशेब केला: पासपोर्ट काढला तेव्हा ती चार वर्षांची होती.

चाचांनी तो आकडा मला दोनदा काढायला लावला.

धंद्याच्या रकान्यातला शब्द कळेना. रिफायनरीत एक डच इंजिनिअर होते, त्यांच्याकडे चाचा पासपोर्ट आणि मला घेऊन गेले. साहेबांनी पुठ्ठ्यावरचा पक्षी पाहिला आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. लढाईत जर्मनांनी त्यांच्या गावाचं काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. "ॲक्टर," म्हणजे नट, एवढं एकच ते म्हणाले आणि पासपोर्ट परत करताना बोटं रुमालाला पुसली. बाहेर आल्यावर मीही चाचांना म्हटलं, की त्या चिन्हाखाली माणसांनी फार वाईट गोष्टी केल्या आहेत, हे कशाला उकरून काढता. चाचा थोडा वेळ चालत राहिले.

"त्याने काय केलं मला ठाव नाय. त्याची पोर चार वर्षांची. तिने काय केलं?" मग म्हणाले, "बाप कुठे गेला ते तिला कुणी सांगितलं असेल काय, बीए?"

तेवढ्यावर पुढची तीन वर्षं गेली. ओट्टोसाहेब शेवटी कुठे पोचले ते शिक्क्यांवरून शोधायचं आणि लीझलला कळवायचं, असं चाचांनी ठरवलं.

मी मोठ्या कौतुकाने शाळेचा ॲटलास विकत आणला. चाचांनी युरोप-आशियाच्या पानावर टाचण्या टोचल्या आणि टाचणीला टाचणी जाळी विणायच्या दोऱ्याने जोडली. पासपोर्टातले शिक्के काही सरळ क्रमाने येत नाहीत. ज्या अंमलदाराला जे पान उघडं सापडेल तिथे तो हाणतो. युरोपातले लोक पुढून सुरुवात करतात, इकडचे मागून. शिवाय निम्म्या शिक्क्यांवरची शाई पसरलेली. दर शुक्रवारी जेवण झालं की चाचा एक शिक्का घेत, भिंग लावत, आणि ओट्टोसाहेबांना पुढच्या गावी नेत. बुडापेस्टला ते तीन शुक्रवार अडकले होते. सोफियाला पोचले त्या आठवड्यात, ॲटलासमध्ये तिथे डोंगर दाखवले आहेत म्हणून, चाचा मला म्हणाले की साहेबांना थंडी वाजत असणार. बाहेर हवल्लीत डांबर वितळत होतं. इस्तंबूलला पोचले तेव्हा आम्ही सुरमई आणली.

"आज साहेबांची सुट्टी," चाचा म्हणाले. "बोटी बघत बसले असतील."

चिठ्ठ्या मी टाइप करी. निरनिराळ्या वकिलातींना इंग्रजीत अर्ज जात: सदर इसम आपल्या देशात शिरला आहे, तो बाहेर पडल्याचं कृपया कळवावं. एका वकिलातीतून उत्तर आलं की सदर इसमाशी अर्जदाराचं नातं काय ते लिहावं. चाचांनी त्यावर दोन दिवस विचार केला. मी म्हटलं, नातं नाही असं लिहू. ते म्हणाले, "नातं नाय कसं? ट्रंक माझ्याकडे हाय." तसंच टाइप करून पाठवलं. पुन्हा उत्तर आलं नाही.

मग इराणचे शिक्के आले, आणि आमच्या खोलीत भांडण शिरलं.

पासपोर्टात मागच्या बाजूला तीन इराणी शिक्के होते. अक्षरं चाचांच्या ओळखीची. एक सरहद्दीवर आत आल्याचा, एक तेहरानचा आणि एक खोर्रमशहर बंदरातल्या पोलिसांकडे हजर झाल्याचा. साल स्पष्ट होतं: तेराशे वीस. चाचांनी बोटांवर हिजरी सनाचा हिशेब केला, कॅलेंडरला ताडून पाहिला, मला करायला लावला. उत्तर एकच येत होतं. हे शिक्के ओट्टोसाहेबांच्या जन्माच्या तीन वर्षं आधीचे होते.

मी म्हटलं, कारकुनाने चुकीचं साल लावलं असेल. चाचांनी हातातला घास खाली ठेवला.

"तीन गावचे तीन कारकून, तिघंही चुकले? शिक्का खोटं बोलत नाय. जन्मतारीख खोटी हाय."

"पण चाचा, फोटो बघा. माणूस चाळिशीचाही नाही."

"नट हाय तो. नट लोक वय कमी सांगतात. तोंडाला रंग लावून फोटो काढला असेल."

"आणि पासपोर्ट लढाईच्या वेळचा. त्यात चाळीस वर्षांपूर्वीचा शिक्का कसा येईल?"

"जुन्याची पानं नव्यात शिवली." असं म्हणून त्यांनी शिवण मला दाखवली. शिवण सगळ्याच पासपोर्टांना असते.

झालं. ओट्टोसाहेब साठीच्या घरात गेले. चाचा त्यांच्याविषयी जरा अदबीने बोलू लागले, त्यांच्या गुडघ्यांची काळजी करू लागले. या हिशेबात एक गोष्ट मात्र चाचांना फार आवडली होती. इराणचे शिक्के आरंभी गेले, त्यांचा खुरूज जुन्या किताबेत राहिला असं चाचांनीच ठरवलं, त्यामुळे शेवटचा शिक्का उरला तो इस्तंबूलचा खुरूज. म्हणजे साहेब तरुणपणी इराण हिंडले, मग लग्न केलं, मुलगी झाली, लढाईत तुर्कस्तानपर्यंत गेले आणि तिथून बाहेर पडून माघारी घरी. चाचांनी दोरा इस्तंबूलपासून मागे जर्मनीपर्यंत ओढून गाठ मारली. "पोचले," म्हणाले. आता फक्त लीझलचा पत्ता मिळवायचा होता. त्या शुक्रवारी त्यांनी शेवयांची खीर केली.

मी दोन वाट्या खीर खाल्ली. आमच्या घरी पंचांगात शके वेगळा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात सन वेगळा, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. एका सालाला दोन मोजपट्ट्या असतात हे मला तरी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

ते सुचवलं आगा रजबने. आगा रजब म्हणजे आमच्या खोलीखाली तंदूर लावणारा इराणी भटारी. कुवेत स्वतंत्र झाल्यावर कागदपत्रांची कडक तपासणी सुरू झाली, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला आणि पिठाच्या हातांनी तो चाचांकडे घेऊन आला. आमच्या कचेरीत इराणी माणूस एकही नव्हता, त्यामुळे चाचांच्या हातात आलेला तो पहिलाच इराणी पासपोर्ट. नेहमीप्रमाणे त्यांनी तो हुंगला, मागून उघडला, आणि अडकले.

"आगा, ह्याच्यावर तेराशे चाळीस हाय. म्हणजे किताब चाळीस वर्षं जुनी. शाईचा वास ताजा कसा?"

आगाने सांगितलं की गेल्याच महिन्यात बुशहरहून आणली. चाचा म्हणाले, शक्य नाही. आगा म्हणाला, मी स्वतः आणली. मोडक्या अरबीत बरीच वादावादी झाल्यावर आगाने एक बोट वर करून उन्हाकडे दाखवलं. तुमचं वर्ष चंद्राचं, आमच्या सरकारचं वर्ष सूर्याचं. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण मोजणी वेगळी.

आगा गेला. मी कागद घेतला आणि तेराशे वीसचा हिशेब सूर्याच्या वर्षाने केला. ते साल बरोब्बर लढाईचं निघालं. मला फार आनंद झाला. मी म्हटलं, "चाचा, कोडं सुटलं. साहेबांचं वय खरं आहे. फोटो खरा आहे. पानंही शिवलेली नाहीत."

चाचा ॲटलासकडे बघत होते. उठून त्यांनी इस्तंबूलची गाठ सोडली. दोरा मागे जर्मनीकडे गेला होता तो काढून घेतला, पुढे नेला, सरहद्दीवर, तेहरानला, आणि तिथून खाली खोर्रमशहरला. तिथे दोरा संपला. टाचणी टोचून ते बसले.

"आत आल्याचा हाय," ते म्हणाले. "खुरूज नाय."

त्यानंतर तीन आठवडे चाचांनी ॲटलास उघडला नाही. जवाजातला जात, येत, मासे रांधत. सिनेमातल्या मामांबद्दल काही विचारत नसत. एका शुक्रवारी मी भांडी घासत असताना चाचा माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि जणू भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं म्हणाले, "माझा भाऊ त्याच बंदरात उतरला होता. युसूफ. माझ्यापेक्षा मोठा."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

सगळं मिळून पाच-सहा वाक्यं असतील. लढाईच्या दिवसांत युसूफ खोर्रमशहरच्या गोदीत माल उतरवायच्या कामाला गेला. एक पत्र आलं, पोचलो म्हणून. पुढे काही नाही. कुणी म्हणालं बोटीवर चढला, कुणी म्हणालं ताप आला. चाचा स्वतः तिथे जाऊन आले. हजेरीच्या वहीत नाव होतं, पुढे काही लिहिलेलं नव्हतं. गावी युसूफची मुलगी होती, अमीना, तेव्हा चार वर्षांची. तिला चाचांनी वाढवलं, तिचं लग्न लावलं. निकाहाच्या वेळी काझीने बापाचं नाव विचारलं, आणि नावाआधी 'मरहूम', म्हणजे कैलासवासी, लावायचं की नाही यावर सगळी माणसं चाचांकडे बघायला लागली.

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, नको लावू. खुरूज नाय त्याचा."

मग त्यांनी दोरीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, "कंपनीत किती गाववाले येतात. कोण बसऱ्याहून येतो, कोण बोटीवरून उतरतो. सगळ्यांच्या किताबा माझ्या हातातून जातात, कधी एखादी त्याची निघेल. शेवटचा शिक्का आधी बघायचा. माणूस शेवटी कुठे होता ते तिथे असतं."

मागून उघडण्याचं कारण ते होतं. मी चार वर्षं ते उर्दूच्या खात्यावर टाकलं होतं.

मला काहीतरी करायचं होतं. युसूफसाठी करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ओट्टोसाहेबांसाठी कदाचित होतं. मी धीर करून डच इंजिनिअरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, की लढाईत इराणात इंग्रज शिरले तेव्हा तिथल्या जर्मन लोकांचं काय झालं. त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं. मग म्हणाले, त्यांना पकडून खाली बंदरांवर आणलं आणि बोटींत घालून नेलं. काहींना ऑस्ट्रेलियाला, काहींना तुमच्या हिंदुस्थानात. मी दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "त्या मुलीचा पत्ता लागला का?"

हिंदुस्थानात म्हटल्यावर मला काहीतरी आठवलं, आणि ते इतकी वर्षं कसं आठवलं नाही याचं नवल वाटलं. मी नऊ-दहा वर्षांचा असताना साताऱ्याला गावाबाहेर इंग्रजांनी काही जर्मन लोक ठेवले होते. परवानगीने ते फिरायला निघत. त्यांतला एक उंच साहेब आमच्या शाळेच्या कुंपणापाशी थांबे आणि नसलेलं दार उघडायचा प्रयत्न करी. दार उघडत नसे. तो धक्का मारी, खांदा लावी, मग दार एकदम उघडून तो पाठीवर धाडकन पडे, उठून टोपी झटकी आणि आम्हाला लवून नमस्कार करी. आम्ही त्याला 'पडका साहेब' म्हणत असू. तोंड काही आठवत नव्हतं. टोपी आठवत होती.

मी निकम सरांना पत्र लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं, त्यांच्या रेखीव अक्षरात. सरांना तो साहेब आठवत होता. गॅदरिंगच्या नाटकात सैनिकाचं काम करणाऱ्या मुलाला पडून लागू नये म्हणून, रीतसर परवानगी काढून, सरांनी त्याला दोन दिवस शाळेत आणलं होतं. 'मुलांना पडायला त्याने इतकं चांगलं शिकवलं की नाटकात सगळेच पडू लागले,' असं सरांनी लिहिलं होतं. लढाई संपल्यावर त्या सगळ्यांना त्यांच्या देशी पाठवून दिलं. आणि शेवटी: 'त्या गृहस्थांचं नाव मला आठवत नाही, आणि आठवत नसताना लिहिणं बरं नाही.'

पत्र मी चाचांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्यही वाचलं. सरांच्या पत्रातलं वाक्य गाळणं मला जमलं नसतं. चाचांनी पासपोर्ट आणला, आणि प्रथमच तो पुढून उघडला. फोटो माझ्यासमोर धरला.

"बीए, हाच होता काय?"

मी बघितलं. लांब चेहरा, एक भुवई वर. कुंपणापलीकडचा तो माणूस मी वीस वर्षांपूर्वी पाहिला होता, आणि पडताना पाहिला होता. असेलही. नसेलही. शपथेवर सांगायचं तर मला माहीत नव्हतं. खोटं बोलू नये हे मला ज्यांनी शिकवलं त्यांचं पत्र माझ्या हातात होतं.

"हाच," मी म्हटलं.

"तू लहान होतास."

"हो. पण हाच."

चाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, पहिल्या दिवशी कॉलरकडे बघत होते तसे. मग त्यांनी पासपोर्ट मिटला.

"शिक्का खोटं बोलत नाय," ते म्हणाले. पुढे माणसाबद्दल काही म्हणतील असं मला वाटलं. ते काही म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला टाइपरायटरला बसवलं. पासपोर्टात ओट्टोसाहेबांचं गाव लिहिलेलं होतं. पासपोर्ट तिथल्या नगरपालिकेला पाठवायचा, सोबत लीझलसाठी पत्र. चाचा सांगत गेले, मी इंग्रजी करत गेलो. तुमचे वडील अमुक वाटेने इथवर आले. तिथून बोटीने हिंदुस्थानात गेले असावेत. सातारा नावाच्या गावी त्यांना पाहिलं. मुलांना हसवत होते. लढाईनंतर तिथल्या सगळ्यांना घरी पाठवलं.

इथे ते थांबले. "'पाहिलं' तसं नको. असं लिही, की पाहिलं असं एक जण म्हणतो. तो तेव्हा लहान होता." मी मान खाली घालून टाइप केलं. "आणि पुढे लिही, माणूस बरा हाय."

पाकिटावर पोस्टाचा शिक्का पडताना बघायला आम्ही दोघंही उभे होतो. उत्तर आलं नाही, पण पाकीटही परत आलं नाही. चाचांच्या मते, परत आलं नाही म्हणजे कुणीतरी सही करून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी ते मला बाजारातल्या शिंप्याकडे घेऊन गेले. पांढरं पॉपलीन त्यांनी स्वतः निवडलं, माझ्या मानेचं माप दोनदा घ्यायला लावलं. मी विचारलं, हे कशासाठी. म्हणाले, "पुढल्या महिन्यात तुझी किताब नवी होणार. ह्या वेळेला शर्ट आपला पाहिजे. जुना मास्तरला धाडून दे."

त्यानंतर वर्षभर मी तिथे होतो. ॲटलास कपाटावर धूळ खात राहिला. खोर्रमशहरची टाचणी मात्र चाचांनी काढली नाही. बोटी येत, नवे लोक येत. एकदा रत्नागिरीकडची सात-आठ मुलं एकदम आली. चाचा दारात उभे राहिले, हात पुढे केला, एकेक पासपोर्ट घेतला, हुंगला, मागून उघडला. त्यांतला एक चलाख मुलगा दुसऱ्याच्या कानात म्हणाला, म्हाताऱ्याला वाचता येत नाही वाटतं, उलटा धरलाय. दोघं हसले.

मी टाइपरायटर सोडून उठलो आणि चाचांच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिलो. ते पानं उलटत होते, आणि प्रत्येक पासपोर्टाच्या पहिल्या पानाशी ते पोचले की त्यांच्याबरोबर मीही नाव वाचत होतो.